भिंगबाईंनी मारलेली फुली

भिंगबाईंचं खरं नाव दुकानाच्या हजेरीवहीत होतं आणि तिथंच राहिलं. चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला, खिडकीखालच्या टेबलाशी बसून त्या बावीस वर्षं काचा कापत होत्या, घासत होत्या आणि फ्रेममध्ये बसवत होत्या. पुढे काउंटरवर मालक असत. गिऱ्हाइकाचं नाक कुठल्याही दिशेला गेलेलं असो, भिंगबाईंनी बसवलेला चष्मा त्यावर सरळ बसे. बावीस वर्षांत एकाची काच दुसऱ्याला गेली नाही, हे मालक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. भिंगबाई तेव्हा मान खाली घालून बसत, पण एकही शब्द कानाआड होऊ देत नसत.

त्यांचा दुसरा उद्योग सगळ्यांना माहीत होता. डोळ्यांचा नंबर बदलला की लोक जुन्या काचा दुकानातच टाकून जात. त्यासाठी दुकानाचा एक नियम होता. आधी गिऱ्हाइकाला विचारायचं, जुन्या काचा हव्यात का. नको म्हणालं तर नाव आणि नंबर लिहिलेल्या कामाच्या पाकिटावर फुली मारायची आणि त्या काचा पकडीने फोडून मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या टबात टाकायच्या. नाहीतर एखादा हुशार माणूस त्या उचलून भलत्याच नंबराच्या डोळ्यांवर चढवायचा. फुली पडलेल्यातली एखादी काच फोडायच्या आधी आवडली, तर ती भिंगबाई घरी नेत. मालकांची हरकत नव्हती. फुली असली की तुमची, असं त्यांनी एकदा सांगून टाकलं होतं.

घरी त्या आणि त्यांची थोरली बहीण, अशा दोघीच राहत. दोन खोल्या आणि एक रुंद खिडकी. खिडकीच्या कट्ट्यावर भिंगबाईंचं सगळं भांडार होतं: जळलेल्या पंख्याच्या मोटरीतून सोडवलेली तांब्याची तार, तुटक्या चष्म्यांची बिजागरं, पितळी स्क्रू, आणि जुन्या वहीच्या पानांत दाबून ठेवलेली पानं-फुलं. सकाळच्या उजेडात त्या काचेच्या दोन पातळ चकत्या कापत, मध्ये काहीतरी ठेवून चिकटवत, कडेने तार वळवत, आणि बिजागरातून आकडा करून कानात घालायची जोडी तयार करत. ते मधलं काहीतरी म्हणजे गटाराच्या कठड्यावरचं शेवाळ, मुंग्यांनी अर्धवट ओढून सोडून दिलेला चतुराचा पंख, भिंतीच्या फटीत आलेल्या रोपाचं नखाएवढं पान. शेजारपाजारच्या बायकांच्या कानांत या जोड्या डुलत. भिंगबाईंच्या स्वतःच्या कानांत मात्र कधी काही नसे.

घरापासून दुकान वीस मिनिटांवर होतं. त्यांना पाऊण तास लागे. दर दहा पावलांवर त्या वाकत. ताई म्हणायची, "तुला सोन्याची खाण दाखवली तरी तू तिच्या तोंडाशी उगवलेलं गवत बघत बसशील." भिंगबाईंना यात टोमणा दिसायचाच नाही. उलट त्यांना इतरांची कीव यायची. लोक एवढे पैसे मोजून चष्मे करतात, नंबर एक कणभर चुकला तर भांडायला येतात, आणि रस्त्याने जाताना बघत काहीच नाहीत, असं त्यांचं ठाम मत होतं. आपण बघतो, याचा त्यांना गर्व होता. साधा, शांत, पण चांगला पोसलेला गर्व.

एके दिवशी दुपारी एक काका दुकानात आले. पोस्टात चिठ्ठ्या वाटून निवृत्त झालेले, पायांत अजून चालण्याची घाई असलेले. त्यांनी खिशातून बायकांची सोनेरी फ्रेम काढली. बायको दोन महिन्यांपूर्वी गेली, घरी बसून लोकांचे कपडे शिवायची, हा तिचा चष्मा, असं त्यांनी एका दमात सांगितलं. फ्रेम चांगली आहे, यात माझा नंबर बसवून द्या, पडून राहण्यापेक्षा मी घालतो. ही बायकांची फ्रेम आहे, असं मालकांनी जरा अडखळत सांगितलं, तेव्हा ते म्हणाले की या वयात माझ्याकडे बघतंय कोण. एवढ्यात मालकांचा फोन वाजला आणि माप घ्यायला त्यांनी भिंगबाईंना पुढे बोलावलं.

भिंगबाईंनी फ्रेम उजेडात धरली आणि त्यांना ती खाली ठेववेना. हल्लीच्या हलक्या प्लॅस्टिकच्या काचा नव्हत्या त्या. अस्सल काच होती, जुनी, जड, किंचित पाण्याच्या रंगाची. खालच्या बाजूला जवळचं बघण्यासाठीचा गोलसर तुकडा वितळवून बसवलेला. त्याला भिंगबाई चंद्र म्हणत. असा पूर्ण गोल माथ्याचा चंद्र त्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. आणि डाव्या काचेवर चंद्राच्या कडेपासून वर गेलेला एक बारीक ओरखडा होता, जरासा कललेला, वाऱ्यात गवताची काडी कलते तसा. त्याच्या शेजारी खरी गवताची काडी उभी केली तर, एवढाच विचार त्यांच्या मनात आला आणि तो तिथून हलेना.

विचारायचं होतं. तोंडही उघडलं होतं. काका पाठमोरे उभे राहून भिंतीवरच्या तक्त्यातली बारीक अक्षरं एक डोळा मिटून वाचत होते. विचारलं आणि हव्यात म्हणाले तर? भिंगबाईंनी तोंड मिटलं आणि पाकिटावर फुली मारली.

पुढे कितीही वेळा त्यांनी हा क्षण आठवून पाहिला तरी विसरले असं म्हणायला जागा सापडली नाही. विसरलेल्या माणसाची फुली नेहमीसारखी मोठी, आडवीतिडवी असते. ही कोपऱ्यात होती, लहान होती, आणि मारताना त्यांनी दुसरा हात पाकिटावर आडवा धरला होता.

दोन दिवसांनी चष्मा तयार झाला. तो काका घेऊन गेले तेव्हा भिंगबाईंची सुट्टी होती. मालकांनी तो डबीत घालून दिला. इकडे खिडकीच्या कट्ट्यावर चार सकाळी काम चाललं. दोन्ही काचांतून भिंगबाईंनी चंद्रासकट एकेक लंबगोल कापला. बसस्टॉपमागच्या मोकळ्या जागेतलं, बोटभर उंचीचं, जांभळट धूर धरल्यासारखं दिसणारं गवतफूल आणलं. डाव्या काचेत ते ओरखड्याला लागून उभं केलं आणि मागून साधी पातळ चकती चिकटवली. दोन काड्या दिसत होत्या, एक खरी आणि एक काचेची, आणि खाली चंद्र. इतकं चांगलं त्यांच्या हातून आजवर काही झालं नव्हतं. पहिल्यांदाच त्यांना एखादी जोडी कोणाला द्यावीशी वाटेना.

आठव्या दिवशी ती जोडी घालून त्या कामाला निघाल्या. ताईने आज सूर्य पश्चिमेला उगवला का, असं विचारलं. भिंगबाई लाजल्या आणि रस्ताभर मान जरा जास्तच हलवत गेल्या. त्या दिवसाचं हे एवढंच सुख.

अकराच्या सुमारास पुढून ओळखीचा आवाज आला. काका डबी उघडून मालकांना दाखवत होते. चष्मा छान झालाय, पण तिच्या काचा यात नाहीत. मला वाटलं फडक्याखाली असतील, म्हणून मी इतके दिवस बघितलंच नाही.

भिंगबाईंचे हात आपोआप कानांकडे गेले. एक कानातलं सहज निघालं. दुसऱ्याचा आकडा अडकला, ओढताना पाळी चिरली. दोन्ही त्यांनी कामाच्या कोटाच्या खिशात टाकली आणि हाक ऐकून बाहेर आल्या.

मालकांनी पाकीट शोधून काढलं होतं. फुली आहे, म्हणजे तुम्ही नको म्हणाला असणार, असं ते काकांना समजावत होते. काका म्हणाले की मला कोणी विचारलं नाही. त्यावर मालक हसले आणि त्यांनी बावीस वर्षांची गोष्ट सुरू केली. विचारल्याशिवाय फुली मारणाऱ्यातल्या नाहीत आमच्या भिंगबाई. मग दोघांनीही त्यांच्याकडे पाहिलं.

"विचारलं होतं," भिंगबाई म्हणाल्या.

काकांनी डबी मिटली. "असेल," ते म्हणाले. "हल्ली मी विसरतो. फोडल्या असतील मग?"

"फोडल्या."

चोरी झाली तेव्हा भिंगबाईंना काही वाटलं नव्हतं. चार सकाळी त्या गुणगुणत बसल्या होत्या. आता मात्र त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण दोन शब्दांत त्यांनी स्वतःचा दोष उचलून त्या माणसाच्या डोक्यात ठेवला होता, आणि त्याने तो मुकाट्याने ठेवून घेतला होता. चिरलेल्या पाळीतून रक्ताचा थेंब मानेवर उतरला. डास चावला, असं त्यांनी न विचारताच सांगितलं.

एवढ्यावर काका गेले असते तर बरं झालं असतं. पण चिठ्ठीवरचा पत्ता अर्धा पुसलेला असला तरी घर शोधून काढण्यात त्यांचा जन्म गेला होता. फोडलेल्या काचा कुठे जातात, त्यांनी विचारलं. मालकांनी अंगणातला टब दाखवला. महिन्याभराचे तुकडे होते, गुडघ्याइतका ढीग. काकांना त्यात आशा दिसली. डाव्या काचेवर ओरखडा आहे, ते म्हणाले. शिवताना सुई मोडून उडाली होती, थेट डोळ्यावर. काच होती म्हणून डोळा वाचला. तेवढा ओरखड्याचा तुकडा मिळाला तरी पुरे.

दुपारी ते घरून चाळणी आणि वर्तमानपत्रं घेऊन आले. अंगणात पसरली आणि पाटावर बसले. मूठभर तुकडे घ्यायचे, चाळायचे, एकेक उचलून उन्हात धरायचा, बाजूला ठेवायचा. भिंगबाईंच्या टेबलासमोरच्या खिडकीतून सगळं दिसत होतं. बावीस वर्षं त्यांनी उजेडासाठी त्या खिडकीची जागा भांडून टिकवली होती. आता पाठ फिरवून बसावं तर हातातली काच दिसेना.

त्यांनी हातमोजे नेऊन दिले. काकांनी नको म्हटलं, हाताला कळतं म्हणाले. त्यांनी पाणी नेऊन दिलं. काकांनी आभार मानले आणि माझ्यामुळे तुमची अडचण होतेय ना, असं विचारलं. भिंगबाई रिकामा पेला उचलून आत आल्या. खिशात हात घातला की बोटांना तार लागायची. एक वाक्य बोलायचं होतं, लहान मुलाला सुद्धा जमेल असं. ते त्या मनात जुळवत, दारापर्यंत जात, आणि चिमटा विसरल्यासारखं करून परत येत. मालक म्हणाले, तुम्ही आज फार फेऱ्या मारताय.

संध्याकाळी ताईने विचारलं, कानातलं कुठे गेलं. सैल झालं म्हणून काढलं, भिंगबाई म्हणाल्या. एका दिवसात चार वेळा खोटं, आणि प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा सोपं गेलं होतं. याचीच त्यांना जास्त शरम वाटली.

दुसऱ्या दिवशीही काका आले. त्यांच्या अंगठ्याला आणि दोन बोटांना चिंध्या बांधल्या होत्या. टब निम्म्याहून खाली गेला होता. भिंगबाईंनी त्या दिवशी एक काच चुकीची घासली, मग दुसरी. टब रिकामा झाला की ते जातील, असा एक विचार त्यांच्या मनात आला. त्या विचाराने त्यांना स्वतःचीच किळस आली, पण तरी तो गेला नाही.

साधारण चार वाजता अंगणातून हाक आली. काका उठून दारात आले, हाताच्या ओंजळीत काहीतरी धरून. तोंडभर हसू. मालकही आले.

"सापडली," काका म्हणाले. "बघा. ओरखडा आहे, कडेला तो गोल पण आहे थोडा. तुम्ही सांगा बाई, तुमच्या हातची आहे. हीच ना?"

तुकडा नखाएवढा होता. भिंगबाईंनी तो हातात घेतला. बघायची गरज नव्हती. त्यावरचा चंद्र वरून सपाट होता. ओरखडा पकडीचा होता, त्यांच्याच. ती काच आणखी कोणाची तरी होती. काकांच्या मागून मालकांनी डोळ्यांनी खूण केली, हो म्हणा. ती खूण चांगल्या मनाची होती. म्हातारा सुखाने घरी गेला असता, टब पुन्हा भरायला लागला असता, मालकांनी नव्या गिऱ्हाइकाला बावीस वर्षांची गोष्ट सांगितली असती. एक हो म्हटलं की सगळे सुटत होते. भिंगबाईंनी काकांच्या चिंध्या बांधलेल्या बोटांकडे पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "ही नाही." आणि खिशात हात घालून त्यांनी ती जोडी काउंटरवर ठेवली. "या आहेत. मी तुम्हाला विचारलं नव्हतं."

काकांनी जोडीकडे पाहिलंच नाही आधी. ते भिंगबाईंकडे बघत होते.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो," ते म्हणाले.

"नाही."

"मला वाटलं डोकं चाललं माझं. काल रात्रभर तेच आठवत होतो, तुम्ही केव्हा विचारलंत, मी काय म्हणालो." त्यांनी श्वास सोडला. राग आला असता तर भिंगबाईंना त्याचा आधार झाला असता. पण त्या माणसाला सुटल्यासारखं वाटत होतं, आणि ते बघत उभं राहणं त्यांना भाग होतं.

मग काकांनी डावं कानातलं उचललं, नेमकं डावंच. अंगठ्याने ओरखडा चाचपला. तारेला धरून ते त्यांनी डोळ्यासमोर नेलं, दुसरा डोळा मिटला आणि दारातून रस्त्याकडे पाहिलं. बराच वेळ. भिंगबाईंच्या मनात, एवढं सगळं झाल्यावरही, लाज वाटावी अशी एक आशा उभी राहिली, की ते आता म्हणतील, किती सुंदर आहे हे.

"मध्ये येतंय," काका म्हणाले. "हे गवत. काढता येईल का?"

"नाही. चिकटवलंय. काढायला गेलं तर काच फुटेल."

काकांनी मान हलवली. तिला कसं दिसत होतं, ते बघायचं होतं, असं ते सावकाश म्हणाले, कोणाला उद्देशून ते कळलं नाही. डावं कानातलं त्यांनी रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं. उजवं काउंटरवर तसंच पडलेलं होतं. भिंगबाईंनी ते पुढे सरकवलं.

"ते राहू दे," काका म्हणाले. "उजव्या डोळ्याने तिला लहानपणापासून दिसत नव्हतं. जोडीला नुसती काच होती ती."

ते चाळणी घेऊन गेल्यावर भिंगबाईंनी उजवं कानातलं नंबर मोजायच्या यंत्राखाली धरून पाहिलं. खरंच होतं. चंद्राखेरीज तिच्यात पाहण्यासारखा नंबर नव्हता. आंधळ्या डोळ्यापुढे, चष्मा चेहऱ्यावर बरा दिसावा म्हणून बसवलेली काच. बावीस वर्षांचा हात, आणि चार सकाळी ती काच बोटांत असून त्यांना ते कळलं नव्हतं. त्या फक्त चंद्र बघत होत्या.

मालक त्यांना एका शब्दानेही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कामाच्या पाकिटांवर गिऱ्हाइकाच्या सहीची एक ओळ छापून आली, एवढंच. बावीस वर्षांची गोष्ट त्यांनी त्यानंतर कोणालाही सांगितली नाही. कोणी नवं गिऱ्हाईक आलं की भिंगबाई नकळत वाट बघत, आणि मालक फ्रेमच्या भावाविषयी बोलत.

घरच्या कट्ट्यावर तांब्याची तार हिरवी पडली. भिंगबाई आता वीस मिनिटांत दुकानात पोहोचत. बसस्टॉपमागे ते जांभळट गवत त्या वर्षी दाट आलं होतं. त्या रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जात. ताईने आधी थट्टा केली, मग सगळं त्यांच्या तोंडून काढून घेतलं, आणि ऐकून झाल्यावर थट्टा करायचं कायमचं सोडून दिलं. भिंगबाईंना थट्टा चालली असती.

सात-आठ महिन्यांनी काका पुन्हा आले. नाकावर तीच सोनेरी फ्रेम, दांडीचा स्क्रू ढिला झालेला. मालक नव्हते. भिंगबाईंनी चष्मा घेतला, टेबलाशी बसल्या आणि वर न बघता त्यांनी विचारलं, ती काच आहे का.

"आहे ना. खिडकीला टांगलीय. सकाळी तिच्यातून बघतो थोडा वेळ."

"आणि गवत?"

"ते आहे मध्ये. मी कडेने बघतो."

कुठलं गवत आहे ते, असं ते आता विचारतील, असं भिंगबाईंना क्षणभर वाटलं. त्यांनी विचारलं नाही. ते भिंतीवरच्या तक्त्याकडे वळून एक डोळा मिटून सगळ्यात खालची ओळ वाचत होते. स्क्रू घट्ट बसला होता. तरी भिंगबाईंनी तो आणखी एकदा आवळला, काचा पुसल्या, आणि चष्मा दोन्ही हातांनी त्यांच्या पुढे धरून ते मागे वळेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.